मामांचा हात आणि पोपटाचा पिंजरा

दहिसरपासून कुर्ल्यापर्यंत हिंडलात तर सिनेमात काम केलेली माणसं गल्लोगल्ली भेटतील, पण फक्त कोपरापर्यंत काम केलेला नट एकच, माझ्या बायकोचे मामा. पन्नासेक वर्षांपूर्वी ते अंधेरीच्या एका स्टुडिओत सुताराच्या हाताखाली होते. एका गाण्याच्या वेळी पोपटाचा पिंजरा धरणारा माणूस आलाच नाही, म्हणून यांना उभं केलं. पडद्यावर नायिका रुसून बसते, आणि उजवीकडून एक पिंजरा आत येतो. तो धरणारा हात मामांचा. बाकीचे मामा चौकटीबाहेर राहिले. तरी त्या सिनेमाला ते आजही ‘माझा पिक्चर’ म्हणतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या दहिसरच्या घरी गेलो, तेव्हा चहाच्या आधी मला ते गाणं लावून तो हात दाखवण्यात आला, आणि जावयाने तो न सांगता ओळखावा अशी अपेक्षा होती.

गेल्या वर्षी मामांनी तोच पिंजरा घरी बनवायला घेतला. मोबाइलवर गाणं थांबवत थांबवत गज मोजले; त्यातला एक वाकडा होता, तर तोही तस्साच वाकडा करायचा ठरलं. मापाचा प्रश्न त्यांनी झटक्यात सोडवला. हात माझा, मग माप माझ्याजवळच आहे ना, म्हणाले. पडद्यावर पिंजरा मुठीच्या किती पट दिसतो ते काढलं, स्वतःची मूठ पट्टीने मोजली आणि कामाला लागले. सायकलच्या चाकातल्या तारांचे गज झाले, घुमटासाठी मामींची पिठाची चाळण गेली. मामी महिनाभर शेजारणीच्या चाळणीने पीठ चाळत होत्या आणि आल्यागेल्याला, आमची चाळण सिनेमात गेली, असं सांगत होत्या. पिंजरा झाला तो एवढा मोठा, की त्यात पोपट काय, मोर राहिला असता. मामा दोन दिवस पट्टी घेऊन तेच गज पुन्हा पुन्हा मोजत बसले. शेवटी मामींनीच त्यांची मूठ आपल्या हातात घेऊन निरखली. “अहो, ही आत्ताची मूठ,” त्या म्हणाल्या. “तेव्हा कुठे एवढी जाड होती?” आणि डब्यातून मामांची लग्नातली अंगठी काढून दिली, जी आता करंगळीतही जात नव्हती. पिक्चर लग्नाच्याच वर्षीचा. अंगठीवरून बोट, बोटावरून मूठ धरून मामांनी सगळं पहिल्यापासून केलं.

दुसरा पिंजरा हुबेहूब उतरला. मी फोटो काढायला गेलो. म्हटलं, मामा, आता नीट उभे राहा, या वेळी कुणी तुम्हाला कापणार नाही. मामा हसले नाहीत. पिंजरा मांडीवर घेऊन बसले आणि मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगू लागले. त्यांच्या कोकणातल्या गावी जत्रेच्या तंबूत तो सिनेमा लागला, तेव्हा त्यांची आई बायकांत बसली होती. मामांनी तिला काहीच कळवलं नव्हतं. पिंजरा आत आला आणि ती भर तंबूत उठून उभी राहिली: “हो माज्या झिलाचो हात!” तो हात तिच्या मुलाचा, यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मे महिन्यात मामा गावी गेले, तेव्हा तिने त्यांना हाताला धरून चार घरं फिरवलं. मग म्हणाली, तो पिंजरा एकदा आण, म्हणजे या बायांची तोंडं बंद होतील. पिंजरा स्टुडिओचा, मामा म्हणाले, मी बनवून आणतो. पुढे नोकरी आली, मुलांच्या शाळा आल्या, आणि दर वर्षी पुढच्या मे महिन्याचा वायदा होत राहिला. आई काही वर्षं विचारत होती. मग विचारेनाशी झाली, आणि मग गेली.

“जमण्यासारखं होतं हो,” मामा पिंजऱ्याचं दार लावत म्हणाले. “दोन महिन्यांचं तर काम निघालं.”