सिस्टर शेवंतीची ड्युटी

आमच्या विहीणबाईंनी जितकी माणसं मरणाच्या दारातून परत आणली, तितकी रत्नागिरीतल्या कुठल्याही डॉक्टरने आणली नसतील. गंमत म्हणजे त्यांतल्या एकाचंही तोंड त्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. एक जखमी तेवढी अपवाद. ती कोण ते पुढे येईलच, आधी विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. लेक-जावई नोकरीपायी पुण्याला, आणि आम्ही दोघी आया रत्नागिरीत, दोन आळ्यांच्या अंतराने. बाईंना रक्ताचं भय. भय म्हणजे साधंसुधं नव्हे. डास मारला आणि तळहातावर लाल ठिपका उमटला की भिंत धरून खाली बसत. घरात बीट आणायला बंदी होती. मासे साफ करणारी बाई परसात बसली की ती उठेपर्यंत ह्या देवघरात. मे महिन्यात कोकमासाठी रातांबे फोडायला सगळी आळी जमायची, सगळ्यांचे हात लालभडक. आणि ह्या तोंड फिरवून, हात लांब करून नुसतं मीठ पुरवणार. आणि ह्याच बाईंनी तरुणपणी मुंबईला नर्सिंगला नाव घातलं होतं! पहिल्याच वॉर्डात कुणाची तरी पट्टी सुटली, ह्या कोसळल्या, आणि शुद्धीवर आल्या त्या पेशंटच्या शेजारच्या खाटेवर. आठवडाभरात पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने घरी. पुढे लग्न, संसार, मुलगा, सगळं यथासांग झालं. पण रस्त्याने अँब्युलन्स गेली की भाजी निवडणारे त्यांचे हात थांबत, आणि गाडी वळणाआड होईपर्यंत त्या गजांतून बघत राहत.

दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर आईकडे आणून ठेवला, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं, आणि आईचा वेळ जावा म्हणून त्याने तिला एका खेळात घातलं. पडद्यावर एक आख्खं शहर. गावोगावची मुलं आपापल्या घरी बसून त्या शहरात राहायची. कुणी पोलीस, कुणी टॅक्सीवाला, कुणी दरोडेखोर. ज्याने जे सोंग घेतलं ते त्याने मनापासून निभवायचं. "आई, तू काय होतेस?" जावयाने विचारलं. त्याला वाटलं, आई किराणा दुकान टाकेल. आई म्हणाली, "अँब्युलन्स आहे का रे तिथे?" होती. तिच्यावरच्या माणसाला पॅरामेडिक म्हणायचं, हेही कळलं. परसातल्या फुलावरून बाईंनी नाव घेतलं सिस्टर शेवंती, आणि वयाच्या साठाव्या वर्षी त्या ड्युटीवर रुजू झाल्या.

मी तेव्हा त्यांच्याच वयाची आणि भयंकर शहाणी होते. आता ऐंशीला टेकले. शहाणपण बरंच उतरलंय, त्यामुळे बरं चाललंय. एवढ्या वयाच्या बाईने दिवसाढवळ्या खोट्या माणसांना खोटी औषधं द्यावीत हे काही बरं नव्हे, असं माझं ठाम मत होतं; आणि ते मत नीट ठाम राहावं म्हणून मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन पडद्यासमोर बसत असे. शेवटपर्यंत. चहासकट.

त्या खेळाचा एक नियम होता. नुसतं बटण दाबून जखमीला बरं करायचं नाही. आपण काय करतो आहोत ते एकेक वाक्य लिहून सांगायचं, तेही स्वतःचं नाव घेऊन, परक्याविषयी बोलावं तसं. मग जखमीने आपलं काय होतंय ते तसंच लिहायचं. बाईंना हे जे काही मानवलं! पडद्यावर रक्त दिसू नये म्हणून डावा तळहात काचेवर ठेवायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं: "सिस्टर शेवंती पदर खोचते. सिस्टर शेवंती हात धुते. साबण नीट लागला नाही म्हणून परत धुते." तोवर गोळी लागलेला दरोडेखोर लिहायचा, "आई, लवकर करा ना, पोलीस येतायत." त्यावर बाईंचं उत्तर, "पोलिसांना बाहेर बसायला सांग. भेटायची वेळ संपली." आणि पोलीस खरोखर बाहेर बसायचे! शुद्धीवर आलेल्याला त्या आधी गाव विचारत, मग जेवलास का विचारत, आणि मग मऊ भात-मेतकूट लिहून भरवत. पोटात गोळी असली तरी.

गाडी हाकण्याविषयी न बोललेलंच बरं. एका जखमीला आणायला निघाल्या की वाटेत दोघांना उडवत. मग उतरून त्या दोघांची माफी मागत आणि त्यांनाही मागे घालून नेत. त्यामुळे त्यांना पेशंटची ददात कधी पडली नाही. "विहीणबाई, तुम्ही घरी बसलात तर त्या शहरात आजारीच कोणी पडणार नाही," असं मी म्हटलं की त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणत, "चहात साखर घातली नाहीये, ढवळू नका उगाच."

त्यांचा स्वतःचाही एक नियम होता. "जखमीला बरं वाटतंय" असं जखमीने स्वतः लिहिल्याशिवाय त्या हलत नसत. मुलगा बरा होऊन पळत सुटला तरी ह्या अँब्युलन्स घेऊन मागे. एकदा नागपूरचा एक मुलगा त्या शहरातल्या पुलाखाली पडला होता, बाईंनी नुकती पट्टी लिहायला घेतली, आणि लाइट गेले. तेव्हा भारनियमन होतं, पण ते आपल्या वेळेच्या आधीच आलं. बाई डोक्याला हात लावून बसल्या. "त्याला तसाच टाकून आले हो मी."

"अहो, तो आपल्या घरी भजी खात असेल!"

"तो असेल. पण जो पडलाय तो पुलाखालीच आहे ना?"

लाइट येईपर्यंत त्यांनी चहा घेतला नाही. मीही घेतला नाही, कारण करणार कोण?

आता त्या अपवादाकडे येते. त्या वर्षी लेक-जावई सुट्टीला यायचे होते, आणि आम्ही दोघी बाईंच्या घरी स्वयंपाकाला लागलो होतो. नारळ सोलणारा गडी आला नाही. मी म्हटलं, "हात्तिच्या! आणा ती कोयती इकडे. राजापूरला माहेरी मी ढिगाने नारळ सोलले आहेत." धडधडीत खोटं. माहेरी नारळ गडी सोलायचा, मी नुसतं पाणी प्यायचे. पण विहिणीसमोर माघार कोण घेणार? साडी खोचून मागच्या पायरीवर बसले. पहिला घाव नारळाला लागला, दुसरा मला. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कोयती अशी बसली की चिऱ्याच्या पायरीवरून धार लागली.

माझ्या किंकाळीने बाई दारात आल्या. त्यांनी पाहिलं. चेहरा पांढराफटक, हात चौकट चाचपडू लागला. घरात तिसरं कोणी नाही. मी मनात म्हटलं, आता ह्या पडणार, आणि मी एका हाताने ह्यांना कशी उचलणार?

बाईंनी डोळे मिटले. आणि शाळेत धडा वाचावा तशा सपाट आवाजात म्हणाल्या, "सिस्टर शेवंती पदर खोचते." आणि खोचला. "सिस्टर शेवंती पायऱ्या उतरते." उतरल्या. "सिस्टर शेवंती दोरीवरचा धुतलेला पंचा घेते. जखमीचा हात वर धरते. पंचा घट्ट दाबते." असा दाबला की माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"आई गं! विहीणबाई, हळू!"

"तसं नाही. जखमीने नीट सांगायचं असतं. जखमी काय करते?"

"जखमी बोंबलते!" मी म्हटलं.

"छान. सिस्टर शेवंती जखमीला गप्प करते." डोळे आता उघडे होते, पण ते माझ्या हाताकडे नव्हते, माझ्या तोंडाकडे होते. ओठ कोरडे पडले होते, पण वाक्य तुटत नव्हतं. वाक्य तुटलं तर त्या पडतील हे मला कळलं, म्हणून मीही बोलत राहिले. जखमी उठते. जखमी चपला विसरते. जखमी परत फिरत नाही.

कोपऱ्यावर येऊन त्यांनी हात वर केला. "सिस्टर शेवंती रिक्षा थांबवते!"

"काकी," आत बसलेला रिक्षावाला म्हणाला, "रिक्षा उभीच आहे."

वाटभर तो आरशातून आमच्याकडे बघत होता. कुठलं नाटक आहे, हा प्रश्नही त्याच्या ओठांवर आला होता, पण पंचा पाहून तो नुसता हॉर्न वाजवत सुटला. दवाखान्यात बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, "सिस्टर शेवंती जखमीला डॉक्टरांच्या हवाली करते." डॉक्टरांनी माझा हात धरला, बाईंनी तो सोडला, आणि मग त्यांची नजर स्वतःच्या निऱ्यांकडे गेली. तिथे जे लागलं होतं ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. "सिस्टर शेव..." एवढंच म्हणाल्या आणि सरळ आडव्या झाल्या.

"अरेच्चा! ह्यांना काय झालं?" डॉक्टर दचकले.

"काही नाही," मी म्हटलं. "मध्येच लाइट गेले."

मला टाके पडले, त्यांना लिंबू-पाणी. जुन्या सवयीप्रमाणे त्या पेशंटच्या शेजारच्या खाटेवर शुद्धीवर आल्या. आधी त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जखमीला बरं वाटतंय का?"

खरं तर वाटत होतं. पण माझ्या अंगात तेव्हाही खोड होतीच. म्हटलं, "नाही. ठणकतंय."

"मग मी आहे इथेच," त्या म्हणाल्या आणि परत डोळे मिटले.

ह्याने त्यांचं भय गेलं असं कोणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. पुढच्याच आठवड्यात त्या डास मारून खाली बसल्या. पण आमच्यात एक खेळ मात्र लागला. कुठे हळदीकुंकवात भेटल्या, बाजारात भेटल्या, की आधी तोच प्रश्न, आणि माझं तेच उत्तर. तो पडद्यावरचा खेळ कधीच बंद पडला. पोलीस आणि दरोडेखोर नोकऱ्यांना लागले, त्यांची लग्नं झाली; त्यांतल्या काहींनी सिस्टर शेवंतीला पत्रिकाही पाठवल्या.

शेवटच्या आजारात मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. बोलणं फार उरलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला, अंगठ्यावरची रेघ बोटाने चाचपली आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "नाही हो. अजून ठणकतंय."

"मग थांबायला हवं," त्या म्हणाल्या.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रस्त्याने अँब्युलन्स गेली की भाजी निवडणारे माझे हात थांबतात. अंगठ्याच्या मुळाशी एक पांढरी रेघ आहे, नातवंडं विचारतात, "आजी, दुखतं का गो?" दुखत बिखत काही नाही, टाके काढले त्या दिवसापासून ठणठणीत आहे. पण हे मी अजून कोणाला मोठ्याने सांगितलेलं नाही.