मागच्या केसांचं रोप

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. देऊळघाटला मी मास्तर होतो. शाळेमागच्या मळ्यात एक शेतकरी कांद्याचं रोप तयार करून विकायचा. डोकं पुढून पार उघडं. बोलताना दर दोन वाक्यांनी त्यावर हात फिरवायचा. मुंबईत एक डॉक्टर मागचे केस काढून पुढं लावतो, हे मी पेपरात वाचलं होतं, ते त्याला सांगितलं. डॉक्टर बुलढाण्याला येणार, ही थाप माझी.

"म्हंजे रोपच की," तो म्हणाला, आणि मागचे केस वाढवू लागला. भेटला की पाठमोरा व्हायचा. "पाहा मास्तर, दाट आलं ना?" मी गंभीरपणे मान डोलवायचो आणि शाळेत जाऊन सगळ्यांना हसवायचो.

मग त्याचा बाप वारला. दहाव्याला तो न्हाव्यापुढं बसेना. भाऊ म्हणाला, "बापापेक्षा केस मोठे हायेत काय बे?" तेव्हा तो मुकाट्यानं बसला.

संध्याकाळी तुळतुळीत डोक्यानं माझ्या दारात आला. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली केसांची जुडी होती.

"ओली ठेवली, मास्तर. डॉक्टर येईस्तोवर टिकते ना?"

माफी अगदी ओठांवर आली होती. मी म्हणालो, "टिकते. रोज पाणी शिंपडत जा."