ओळखीचं भांडण

सांगलीच्या आमच्या खाणावळीत हळदवाले ज्याच्याशी भांडले नाहीत असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. आणि ज्याच्याशी ते एकदा भांडले, त्याला जन्मात दुसऱ्या मित्राची गरज पडली नसती, हेही तितकंच खरं. कोयनेच्या भूकंपाच्या थोडं आधीची गोष्ट. गृहस्थ मूळचे आटपाडीकडचे, हळदीच्या पेढीवर तोलार. चाळिशी उलटलेली, घरी कुणी नाही. कॉलर पिवळी, नखं पिवळी, कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या. रोज अंगाला हळद लागूनही बिनलग्नाचा राहिलेला अख्ख्या जिल्ह्यात हा एकच माणूस!

माझ्याशी ते पहिल्याच दिवशी भांडले. कशावरून, तर मी ताक आवाज न करता प्यायलो म्हणून! "माणूस हायस का मांजर?" म्हणाले. मी भडकलो, पाट उचलून दुसऱ्या ओळीत जाऊन बसलो. मग एका संध्याकाळी स्वारी भडंगाचा पुडा घेऊन माझ्या खोलीच्या दारात हजर. "गार झालास का न्हाई रं?" आत येऊन निम्मा पुडा स्वतःच फस्त केला आणि म्हणाले, "गोड तर मी गिऱ्हाइकासंगं बी बोलतो. भांडून परत येतो त्यो आपला. लगीन झालेल्याला भांडाय बायकू असती. आपण कुणासंगं भांडायचं गड्या?" पुढे मला टायफॉईड झाला तेव्हा याच माणसाने माझं सगळं केलं, तेही शिव्या देत देत.

मग साताऱ्याहून बदली होऊन एक कारकून आले. हळदवाल्यांच्याच वयाचे, एकटे, अबोल. हळदवाल्यांना ते इतके आवडले, की भांडायला कारणच सुचेना! नुसते बघत बसायचे, वाढणाऱ्या मावशींना म्हणायचे, "पाव्हण्याला तूप वाढा." मला हळूच म्हणाले, "ह्यो म्हातारपणापतोर पुरंल गड्या."

शेवटी कारण सापडलं. ते गृहस्थ जेवणाआधी चतकोर भाकरी काढून ताटाबाहेर ठेवायचे. हळदवाले भर पंगतीत ओरडले, "आवं, रोज कुणासाठी काढून ठिवताय? कोण येणार हाय जेवाय?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "बायको गेली माझी पावसाळ्यात," एवढंच म्हणाले आणि उठले. परत खाणावळीत आले नाहीत. थोड्या दिवसांत बदली मागून साताऱ्याला निघून गेले.

हळदवाल्यांना अन्न जाईना. एका रविवारी मला बरोबर घेऊन, भडंगाचा पुडा मांडीवर धरून, त्यांनी सातारा गाठला. त्या गृहस्थांनी हसून दार उघडलं, चहा दिला, कंदी पेढे दिले. "छे छे, राग कसला!" म्हणाले आणि स्टँडपर्यंत पोचवायलाही आले. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. गाडी सुटली आणि हळदवाल्यांना रडू आवरेना.

"लय गोड बोलला गड्या. गिऱ्हाइकासंगं बोलावं तसा."

त्यानंतर ते कुणाशीच भांडले नाहीत. नवा माणूस आला की सरकून जागा द्यायचे आणि खाली मान घालून जेवायचे. मला ते बघवेना, जीव तुटायचा. एकदा मीच मुद्दाम कुरापत काढली. पाटाला पाट लागला म्हणून चारचौघांत त्यांना वाट्टेल ते बोललो. वाटलं, आता उसळतील, माझ्या सात पिढ्या काढतील.

त्यांनी आपला पाट मागे ओढला आणि हात जोडले.

"चुकलं असंल माझं," म्हणाले. "माफ करा, सायेब."