टकलावरचा पुदिना

मुलीचं ठरत आलेलं लग्न पुदिन्यामुळे मोडू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तोही साधा पुदिना नव्हे. इथं देवासला नर्सरीवाल्यानं "ले जाओ भिया, नींबू की खुशबू वाला है," म्हणत गळ्यात मारलेलं रोप! गच्चीवर ते असं माजलं, की चहात तोच, चटणीत तोच, सरबतात तोच. (वरणात घालायला मात्र आमच्या सुनंदानं, म्हणजे बायकोनं, साफ नकार दिला.)

धारची मंडळी केतकीला पाहायला येणार, त्या दिवशी सकाळपासून मला एकच घोर. पाहुण्यांना डास चावला तर? ताप आला तर? या घरचा तापच नको, मग मुलगी तरी कशाला, असं म्हणाले तर? हा पाला चोळला की डास फिरकत नाहीत, असं कुठंसं ऐकलं होतं. मी खुर्च्यांना चोळला, पडद्यांना चोळला, आणि उरलेला स्वतःच्या टकलाला!

"अहो, माणसं येतायत आणि तुम्ही कोशिंबीर होऊन काय बसलाय?" सुनंदा कडाडली.

पाहुणे आले. "किती छान वास येतोय हो!" मुलाच्या आई म्हणाल्या. मी फुगलो. डास एकही नव्हता.

मधमाशी होती. एक. मग पाच. मग समोरच्या कडुनिंबावरचं अख्खं मोहोळच खिडकीतून आत! (हा वास माश्यांना भारी आवडतो, हे मला नंतर कळलं.)

मुलाचे वडील सोफ्यावर चढले. मुलाच्या आईंनी घाबरून पडदा अंगाभोवती गुंडाळला. नेमका चोळलेला!

"काकू, पडदा सोडा!" केतकीनं त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं, पाठोपाठ सगळ्यांना आत ढकललं आणि दार लावलं.

बाहेर मी. टकलावर माश्यांची बैठक.

"हिलना मत भिया!" शेजारचे ठाकुरभिया दारातून ओरडले. मी श्वाससुद्धा हप्त्यानं घेत होतो. त्यांनी गोवऱ्यांचा धूर केला, तेव्हा कुठे माश्या गेल्या. जाताना माझ्या नाकाचं वांगं करून.

संपलं! आता हे उठून जाणार. माझे डोळे भरून आले. (धुरानं, असं मी सांगतो.)

दार उघडलं. "मुलगी धीराची आहे," मुलाच्या आई म्हणाल्या. "आम्हाला पसंत आहे. फक्त..." त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. "स्वभावानं ती आईवर गेलीय ना?"

"अगदी आईवर!" सुनंदाच्या आधी मीच ओरडलो.