केस वाळेपर्यंत

"जागा नाही" हे दोन शब्द मलकापूरच्या आमच्या बालगृहातल्या बाईंइतक्या मोठ्याने आणि इतक्या खोटेपणाने म्हणणारं माणूस अख्ख्या महाराष्ट्रात झालं नसेल. महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता, हे सोडा. फलाटावर सापडलेलं एखादं पोर घेऊन शिपाई दारात आला की बाई कमरेवर हात ठेवून गरजायच्या, "जागा नाही म्हंजे नाही! माह्या डोक्यावर ठेवू का त्याले?" आणि त्याच दमात स्वयंपाकघराकडे तोंड करून, "दोन भाकरी वाढव वं!" आई-वडील गेल्यावर धाकट्या गणूचा हात धरून मी त्या दारात उभी राहिले, तेव्हा मला फक्त भाकरीचंच ऐकू आलं होतं.

पोरं वाढतच होती. पळून मुंबईला निघालेलं पोर गाडीतून इथेच उतरवलं जाई आणि नागपूरहून पळालेलंही इथेच. त्या सगळ्यांना पुरे पडायला बाई आणि एक स्वयंपाकीण. बाईंनी आधी आपली खाट देऊन टाकली, मग गादी, आणि शेवटी त्या कचेरीच्या टेबलावर झोपू लागल्या. वर चढताना म्हणायच्या, "सरकारी काम हाय, टेबलावरच झालं पाह्यजे." एकीची वेणी घालता घालता दुसरीचे पाढे ऐकायच्या आणि तिसरीला रागवायच्या. या धांदलीत रागावणं भलत्याच पोराच्या वाट्याला यायचं. चूक दाखवली तर म्हणायच्या, "राहू दे, जमा ठेव. उद्या कामी येईन."

एके वर्षी बुलढाण्याहून बालगृहांवरचे सरकारी साहेब आले आणि म्हणाले, गर्दी फार झाली, मोठे मुलगे दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायचे. त्यात एव्हाना गणूही आला होता. मी जेवण टाकलं. न्यायच्या दिवशी साहेब दारात, आणि गणू न्हाणीघरात डोळ्यांत शिकेकाई जाऊन बोंबलतोय! ओल्या डोक्याने पोर दाराबाहेर पाठवायचं नाही, हा बाईंचा जुना नेम. "ताप आला त तुम्ही बसान काय उशाशी?" साहेब चहा पिऊन घड्याळ बघत बसले, तिकडे स्टेशनातून आगगाडी निघून गेली. पुढच्या खेपेलाही तेच.

"बाई, मी येतो त्याच दिवशी काऊन न्हाऊ घालता?"

"तुम्ही आले का त्याच्या डोक्यात उवा दिसतात मले."

पुढे पुढे तर जीप वाजली की गणू आपणहून सदरा काढून न्हाणीत पळायचा. शेवटी साहेबच हसले. "याचे केस काही वाळत नाहीत. राहू द्या त्याले इथंच." गणू आणि मी एका छपराखाली वाढलो, एका ताटात जेवलो, ते बाईंमुळे. हे ऋण मी जन्मभर मानत आले.

बाई निवृत्त झाल्या आणि नागपूरला भाच्याकडे कायमच्या निघाल्या. त्या सकाळी आम्ही दोघं बालगृहात पोचलो. गणूने बंब पेटवला, मी शिकेकाई उकळली. बाई आपणहून पाटावर बसल्या.

"गाडी चुकून राह्यली ना बे, गणू!"

"मंग ओल्या डोक्यानं धाडू का तुम्हाले?"

अंगणात उन्हाला बसवून मी त्यांचे केस विंचरत होते. पांढरे, विरळ केस ते, घटकेत वाळले. मी तरी कंगवा फिरवतच राहिले. स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. बाईंनी केसांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "ओलेच हायेत वं अजून."