पोट बघून बोलणारे गुरुजी

साल दोन हजार अठरा. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या कोंबड्याला नावं ठेवायची आमच्या मुडबी गावात कुणाची छाती नव्हती. कांबळे गुरुजी सोडून.

गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी बसणं ठाऊक नाही. चहा उभ्यानं प्यायचे, गल्लीत येरझाऱ्या घालायचे, आणि वाटेत मेलेलं काही दिसलं की खिशातलं पातं बाहेर. पारवा असो, नाकतोडा असो, पोट फाडून बघणार. "झुरळाला पोटात दात असतात, अप्पा," मला म्हणायचे. "कोंबडीला दातच न्हाईत, ती खडे गिळून दळते. माणसाचे तेवढे तोंडात, म्हणून चावत सुटतंय." भांडण कसलंही असो, त्यांचं एकच: "आधी पोट बघावं, मग बोलावं." मी चौथी शिकलेला. मला वाटायचं, ह्या माणसाला दुसरा धंदा नाही.

त्या साली शेजारच्या गंगम्माच्या सुनेच्या, महानंदाच्या, मंगळसूत्राचा दोरा अंगणात तुटला. मणी वेचले, तर सोन्याचा एक कमी. सून म्हणाली, शेजारच्या कोंबड्यानं टिपला. गंगम्मा म्हणाली, "कोंबड्याचं नाव कामून सांगायलीस? माहेरी दिला म्हण की!" शेवटी पोरीला माहेरी धाडायचं ठरलं. पिशवी भरून पोर दारात, जीपची वाट बघत.

गुरुजी माझ्या ओसरीपुढं जमीन झिजवायला लागले. "अप्पा, कोंबडा द्या. सोनं मऊ असतंय. खड्यांत झिजायलंय तिकडं."

"शिटेत शोधा म्हणावं."

"जड चीज हाय, लवकर खाली उतरत न्हाई. जीप यायलीय, तुम्ही शीट कसली सांगायलाव?"

मी तरी हललो नसतो. पण गंगम्मा भिंतीवरून ओरडली, "ह्यांचा कोंबडा न् माझी सून, दोघं बी चोर! एकमेकावर पांघरूण घालायलेत!"

माझा कोंबडा चोर? मीच धरला, मीच कापला. निर्दोष सुटेल म्हणून दिला.

बाकी गल्ली रानात गेली होती. गंगम्माचं लिंगायताचं घर. कोंबडी आतून कशी असते हे तिनं जन्मात पाहिलेलं नाही. नाकाला पदर लावून लांब उभी राहिली. गुरुजींनी गळ्याखालची पिशवी उघडली, ज्वारी निघाली. मग खड्यांची पिशवी चिरली. खडे, हिरवी काच, एक बटण. मणी नव्हता. ताट माझ्या हातात, मी बोटानं चाळून बघितलं. आता तोंड उघडणार, तेवढ्यात गुरुजींनी त्या पिशवीच्या आतलं पिवळं कातडं सोललं आणि उन्हात धरलं.

"बघा अक्का. सोनं दळून दळून इथं बसलंय."

ते कातडं सगळ्याच कोंबड्यांचं पिवळं असतंय. मी जन्मभर सोललंय. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं नाही. दारात महानंदा पिशवीचा बंद पिळत उभी.

"खरं व्हय, अप्पा?" गंगम्मानं मला विचारलं.

गुरुजी एका जागी थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"व्हय," मी म्हणालो.

जीप रिकामी गेली. पुढं गुरुजी वारले. ते असेपर्यंत आम्ही दोघं त्या कातड्याबद्दल एक शब्द बोललो नाही. ते बोलले असते तर मी भांडलो असतो.

पण कोंबडा कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला रुमाल डोक्याला बांधला, गंगम्माच्या दारात गेलो आणि म्हणालो, "माझ्या कोंबड्यानं सोनं खाल्लं, अक्का. माफी करा."