गौरीपुढची विलायती बाहुली

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी वस्तू चालते कशी हे कळेपर्यंत चैन पडत नाही, आणि कोणी "हात लावू नकोस" म्हटलं की हात शिवशिवतात. कल्याणला आमच्या घरी एक विलायती बाहुली होती. वडील रेल्वेत कारकून. त्यांच्या साहेबाची मडम मायदेशी जाताना ती आईला देऊन गेली. आईने तिला नऊवारी नेसवली आणि लुगडं अंगावरच शिवून टाकलं. तोंड चिनी मातीचं, धक्का लागला तर गेलंच. आणि आडवी केली की डोळे मिटायची!

थोरली काकू सोवळ्याची भारी कडक. वहाणेला पदर लागला तरी आंघोळीला पळायची. पण बाहुलीवर तिचा जीव. चैत्रात गौरीपुढे आरास मांडताना ती बाहुलीला सगळ्यांत वर बसवायची आणि ठाण्याहून आलेल्या बायकांना सांगायची, "आमच्या धाकटीची हो!" आईच्या वाट्याला त्या घरात तेवढाच काय तो मान होता.

मी आठ वर्षांची असेन. हळदीकुंकवाच्या आदल्या दुपारी बायका कैऱ्या किसून दमून लवंडल्या होत्या. मी बाहुली घेऊन माळ्यावर गेले. केस गोंदाने चिकटवलेले, ते नखाने हळूहळू सोडवले. टाळूला चक्क भोक! आत काचेचे दोन डोळे एका तारेवर, आणि तारेला शिशाचा गोळा. बाहुली निजवली की गोळा कलायचा आणि डोळे फिरायचे. अस्सा आनंद झाला मला! तिथे थांबायला हवं होतं. पण मग अंगात काय असेल? मी लुगड्याचे टाके कापले.

हाताला मऊ लागलं. हुंगून पाहिलं, तर नव्या वहाणेचा वास. चामडं! गळ्यापासून पायापर्यंत चामडंच. पाठीची शिवण पांढऱ्या दोऱ्याची होती, मधेच बोटभर तांबड्या दोऱ्याची. तेवढी उसवली तर भुसा सांडला. दोन वर्षं हे चामडं गौरीशेजारी बसत होतं! काकूला कळलं तर बाहुली खाडीत जाणार आणि आईला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

भुसा कोंबला, लुगडं कसंबसं टाचलं, केस भाताच्या शितांनी चिकटवले. शितांनी! काय म्हणावं माझ्या अकलेला.

दुसऱ्या दिवशी ऐन हळदीकुंकवात बाहुलीच्या डोक्यावर मुंग्यांची रांग लागली. "अगंबाई!" म्हणत काकूने तिला उचलून झटकलं. पाठीवरचं लुगडं सुटायला लागलं. मला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात आई पन्ह्याचं भांडं टाकून धावली. "जाऊबाई, आणा इकडे. पन्हं सांडलं असेल तिच्यावर, मी पुसते," म्हणत तिने बाहुली छातीशी धरली आणि आत नेली.

बायका गेल्यावर आईने मला माजघरात बोलावलं आणि दार लोटलं. आता धपाटा बसणार म्हणून मी पाठ ताठ केली. पण तिने भुसा दाबून नीट बसवला, डब्यातून तांबडा दोरा काढला आणि जुन्या भोकांतूनच बोटभर शिवण घातली.

"म्हणजे आधी तूच उघडली होतीस?"

"आणली त्याच दिवशी," दोरा दातांनी तोडत ती म्हणाली. "लुगडं काय उगाच शिवलं अंगावर?" मग एकदा दाराकडे बघून तिने हळूच विचारलं, "पण ते डोळ्यांचं मला नाही गं कळलं. कसे मिटतात ते?"